खेळगड्यांची हजेरी

मागच्या दिवाळीत मुलगा भंडाऱ्याला आला होता. माळा साफ करताना त्याचं कॉलेजच्या काळातलं एक खोकं सापडलं. त्यात एक सीडी होती, तिच्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं 'गेमस्पाय'. मी विचारलं, "हा कोणता खेळ रे?" तो म्हणाला, "बाबा, हा खेळ नाही. खेळ कुठे चालू आहे ते हा सांगायचा."

खेळ शोधायला वेगळा प्रोग्राम? मास्तरकीची सवय काही जात नाही. दोन संध्याकाळी त्याला समोर बसवून सगळं समजावून घेतलं. चुकलं असेल तर जाणकारांनी सांगावं.

जून १९९६ मध्ये 'क्वेक' नावाचा धावपळीचा, गोळीबाराचा खेळ आला. इंटरनेटवरून अनेकांनी एकत्र खेळायची सोय त्यात होती. गंमत अशी की, मैदान कंपनीचं नसे. ज्याच्याकडे बरा संगणक आणि बरी लाइन असेल त्याने मैदान मांडावं. त्यालाच सर्व्हर म्हणायचं. पण तिथे पोचायला पत्ता हवा, आणि पत्ता म्हणजे टिंबं देऊन लिहिलेले चार आकडे. मुलं ते चिठोऱ्यांवर लिहून ठेवत. एवढं करून पोचावं तर मैदान रिकामं, नाहीतर खचाखच भरलेलं.

ही अडचण ओळखून त्याच वर्षी अमेरिकेतल्या काही जणांनी 'क्वेकस्पाय' काढलं. पुढे इतर खेळही त्यात आले आणि १९९७ मध्ये नाव झालं 'गेमस्पाय थ्रीडी'. फिनलंडच्या एका छोट्या कंपनीने २००१ च्या सुमारास 'ऑल सीइंग आय' आणलं, ते २००४ मध्ये याहूने विकत घेतलं.

याची रीत मला फार ओळखीची वाटली. मध्ये एक मुख्य सर्व्हर असतो, त्याच्याकडे हजेरीपट. प्रत्येक मैदान थोड्या थोड्या वेळाने त्याला कळवतं, 'हजर आहे.' बराच वेळ कळवलं नाही की नाव कटलं. खेळणाऱ्याचा प्रोग्राम हा पट मागून घेतो आणि मग स्वतः एकेका मैदानाला विचारतो: किती गडी आहेत, जागा आहे का, कोणता डाव चालू आहे? उत्तर यायला किती वेळ लागला तेही मोजतो. त्याला 'पिंग' म्हणतात. हा शब्द पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून आला. त्या नावाचा छोटा प्रोग्राम माइक म्यूस या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला होता.

आता थोडं गणित. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. आपल्यापासून कॅलिफोर्निया साधारण १३ हजार किलोमीटर धरलं, तर जाऊन येऊन २६ हजार. म्हणजे तार अगदी सरळ टाकली तरी १३० मिलिसेकंद जाणारच. त्यात आपला टेलिफोनचा मोडेम! आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मोजक्या मोठ्या शहरांत. २००१-०२ मध्ये मुलगा नागपूरला शिकत होता. तो सांगतो, "यादीत शेकडो मैदानं दिसायची. पण आपण बंदूक उचलेपर्यंत समोरच्याने मारलेलं असायचं." मग ही मुलं सायबर कॅफेत पाच-सहा संगणक एका तारेला जोडून 'काउंटर स्ट्राइक' खेळत. तिथे हजेरीपटाची गरज नसे. खेळ त्या तारेवरच हाक मारी, 'कोणी आहे का?' आणि शेजारच्याच खुर्चीवरून 'ओ' येई.

त्या वेळी मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पैसे पाठवतो आम्ही आणि तू रात्र रात्र तिथे बसतोस, असा सूर होता. तो काय शोधत बसतो हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. कारण आमच्या लहानपणी आम्ही दुसरं काय करत होतो? दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, आज या गावी तर उद्या त्या गावी. रात्री दंडार नाहीतर नाटक. आठवडी बाजारात दिसेल त्याला आमचा एकच प्रश्न, "कोन्या गावची हाय गा आज मंडई?" आणि मग पिंग मोजायचा, म्हणजे पायी किती कोस ते बघायचं!

असो. गेमस्पायचं पुढे काय झालं ते सांगतो. त्याची हजेरीची सेवा शेकडो खेळांनी वापरली. कंपनी या हातातून त्या हातात गेली आणि ३१ मे २०१४ ला ती सेवा बंद झाली. 'बॅटलफिल्ड १९४२', 'बॅटलफिल्ड २' यांसारख्या खेळांची मूळ ऑनलाइन सोय त्याच उन्हाळ्यात संपली. लोकांकडे सीड्या होत्या, मैदानं मांडणारे होते, गडीही होते. फक्त कोण कुठे आहे हे सांगणारा पट गेला. उलट त्याहून जुना 'क्वेक' आजही खेळला जातो. त्याच्या कर्त्यांनी डिसेंबर १९९९ मध्ये त्याची मूळ संहिता सर्वांना खुली केली होती. पट कसा ठेवायचा हे अनेकांना ठाऊक होतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा मांडता आला.

नातू मोबाइलवर खेळतो. तो बटण दाबतो आणि यंत्रच त्याला गडी जुळवून देतं. यादी दिसत नाही, निवडावी लागत नाही. मुलगा म्हणाला, "आम्ही रोज त्याच मैदानावर जायचो, म्हणून ओळखी झाल्या. त्यातले दोघं अजून बोलतात." मला हे नवीन होतं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती. आमच्या डीएडच्या बॅचचे पत्ते आणि फोन नंबर एकाच मित्राच्या वहीत होते. दरवर्षी तोच सर्वांना फोन लावून स्नेहमेळा जमवायचा. तो गेला आणि वही रद्दीत गेली. आम्ही होतो, आपापल्या गावी हजर होतो, पण मेळा पुन्हा भरला नाही.

या महिन्यात मी नवी वही घातली आहे. आतापर्यंत एकोणीस नावं लागली. वही पूर्ण झाली की तिच्या झेरॉक्स काढून प्रत्येकाला एक पाठवणार आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणाचे वडील किंवा काका आमच्या बॅचचे असतील, तर त्यांना माझं नाव सांगा. ते 'हजर' म्हणाले की मला कळवा.