‘चमकणे’ची सोयरीक

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या मुलांची घरची बोली दखनी, बाजारात मराठी आणि पुस्तकात उर्दू. तिन्ही त्यांच्या जिभेवर एकत्र नांदतात. काही वर्षांपूर्वी एका मुलाने निबंधात लिहिले, ‘घोडा चमका’, म्हणजे बुजला. आम्ही लाल शाईने शब्द खोडला, वर ‘बिदका’ लिहिले आणि भर वर्गात सुनावले, “बेटा, ही मराठी झाली. उर्दूत तारे चमकतात, घोडे नाही!” वर्ग हसला. पोराने मान खाली घातली.

चूक आमची होती. ती आम्हाला कोशांनी दाखवली.

मराठीत ‘चमकणे’ म्हणजे लकाकणे. वीज चमकते. पण अचानक हाक आली की माणूसही चमकतो आणि वाकताना पाठीत चमक भरते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यात प्रकाशाबरोबर दचकण्याचा अर्थही आहे. मग आम्ही प्लॅट्स यांचा १८८४चा उर्दू कोश उघडला. तिथेही तेच! ‘चमकना’ म्हणजे झळकणे, तसेच दचकणे, घोड्याने बुजणे. आमच्या विद्यार्थ्याची उर्दू बरोबर होती. आमचीच तोकडी पडली.

दोन्ही भाषांना हा शब्द एकाच घरातून मिळाला. प्राकृतात ‘चमक्क’ आहे आणि संस्कृतात ‘चमत्कृ’, म्हणजे आश्चर्याने थक्क होणे. ‘चमत्कार’ त्याच कुळातला. प्रकाश आणि दचकणे यांचे नाते समजायला पावसाळ्यातली एक रात्र पुरे. वीज लखकन चमकते आणि त्याच क्षणी आपणही.

सतराव्या शतकात शाहजहानच्या दरबारात पंडित जगन्नाथ होते. ‘पंडितराज’ ही पदवी त्यांना बादशहानेच दिली. त्यांच्या ‘रसगंगाधर’ ग्रंथात काव्यानंदाच्या विवेचनात ‘चमत्कार’ या कल्पनेला मोठे स्थान आहे. मुशायऱ्यात एखाद्या शेरावर तोंडून नकळत ‘वाह!’ निघते, तेव्हा आपल्याला त्याचीच प्रचीती येते.

अर्थात, एका घरातल्या दोन बहिणींचेही स्वभाव वेगळे असतात. उर्दूत कारोबार चमकतो, किस्मत चमकते. मराठीत नशीब उजळते आणि धंद्याला मात्र बरकत येते. बरकत अरबीतून आली, पण मराठी दुकानदाराला ती परकी वाटत नाही.

‘खालिस’ उर्दूच्या नादात आम्ही किती मुलांचे खरे शब्द खोडले असतील? तो मुलगा शाळा सोडून केव्हाच गेला होता. आता दरवर्षी नव्या वर्गाला आम्ही आमची ही चूक सांगतो. आणि वहीत अनोळखी शब्द दिसला, तर लाल पेन उचलण्याआधी विचारतो, “बेटा, हा शब्द तुझ्या घरात कोण बोलतं?”