खळगा भरून काढण्याचा इतिहास : देवीच्या वणांपासून फिलरपर्यंत

१/ मराठीत जखम ‘भरते’. देवीच्या रोगाने चेहऱ्यावर ठेवलेले खळगे, म्हणजे ‘वण’, मात्र आयुष्यभर भरत नसत. रोगी वाचे, पण त्याचा चेहरा त्या आजाराची साक्ष देतच राही. लग्नाच्या वयाच्या मुलीला ही साक्ष विशेष जड जाई.

२/ पहिला उपाय प्रतिबंधाचा. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचण्यात आली. लशीने नवे वण टळू लागले. जुन्यांवर तिच्यापाशी उत्तर नव्हते.

३/ चेहरा पुन्हा घडवण्याची विद्या मात्र या प्रदेशात त्याआधीच होती. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका शस्त्रवैद्याने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक दिले.

४/ लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत सचित्र छापली. रुग्णाचे नाव उरले. वैद्याचे नोंदलेच गेले नाही. पद्धतीचे मर्म एवढेच : उणी जागा शरीराच्याच दुसऱ्या भागातून भरायची. किंमत म्हणजे कपाळावरचा नवा व्रण.

५/ शंभर वर्षांनी, १८९३ मध्ये, जर्मन शल्यविशारद गुस्ताव नॉयबर याने दंडातील चरबी काढून चेहऱ्यावरील खोलगट व्रणांखाली भरली. लहान तुकडे मोठ्यांपेक्षा अधिक टिकतात, हे त्याच्या लक्षात आले.

६/ मग आला सोपा मार्ग. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी याने पॅराफिन वर्गातील पदार्थ सुईने टोचला. लवकरच तो चेहऱ्यांतही भरला जाऊ लागला. परिणाम तत्काळ दिसे. पण काही वर्षांनी गाठी होत, पदार्थ जागा सोडून सरके, आणि तो पूर्णपणे बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असे.

७/ १९८१ मध्ये अमेरिकेत गाईच्या कोलॅजेनला मान्यता मिळाली, २००३ मध्ये हायलुरोनिक आम्लाच्या फिलरला. १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळे केलेले हे द्रव्य आपल्या त्वचेतही असते आणि पाणी धरून ठेवते.

८/ व्रण खालच्या तंतूंनी ओढून धरला असेल, तर आधी ते सुईने तोडतात, मग पोकळी भरतात. रुंद, उतरत्या कडांच्या खळग्यांना याचा लाभ होतो. अरुंद आणि खोल छिद्रांना फारसा नाही. परिणाम काही महिन्यांनी ओसरतो.

९/ १९८० मध्ये जगातून देवी संपल्याची घोषणा झाली. आज बहुतेक खळगे तारुण्यपीटिकांचे असतात. धोका मात्र संपलेला नाही : द्रव्य रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते. हायलुरोनिक आम्ल विरघळवणारे विकर उपलब्ध आहे. पॅराफिनला तो परतीचा मार्ग नव्हता. म्हणून सुई टोचून घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न शतकभर तेच आहेत : काय भरले जात आहे, कोणाच्या हाताने, आणि चूक झाल्यास ते काढता येईल का?