हिशेबपट्टी

हिशेबपट्टी (बोलीभाषेत नुसती पट्टी) ही कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात मालाची विक्री झाल्यावर आडत्याने शेतकऱ्याला द्यावयाची लेखी पावती होय. आडत्या व शेतकरी यांच्यातील बोलणे बहुतांशी तोंडीच होते. त्यातले कागदावर उरते ते एवढेच. औसा, लातूर येथील बाजारांत सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या विक्रीनंतर ती मिळते.

पट्टीत मालाचे वजन, भाव, एकूण रक्कम, हमाली-तोलाईसारख्या कपाती आणि निव्वळ देय रक्कम नोंदलेली असते. भाव सौद्यातच कळलेला असल्याने शेतकऱ्याची नजर आधी कपातींच्या रकान्याकडे जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याला किलोमागे एक रुपया भाव मिळाला. वाहतूक, हमाली व तोलाई वजा जाता २ रुपये ४९ पैसे उरले. त्याच्या हाती दोन रुपयांचा, तोही पुढील तारखेचा धनादेश पडला. ही पट्टी राज्यभर चर्चेचा विषय झाली.

पट्टी हा विक्रीचा पुरावाही आहे. त्याच वर्षी राज्य शासनाने कांद्यासाठी क्विंटलला ३५० रुपये अनुदान (कमाल २०० क्विंटलपर्यंत) जाहीर केले, तेव्हा अर्जासोबत मूळ विक्रीपट्टी जोडणे आवश्यक होते. कोऱ्या चिठ्ठीवर नुसते आकडे लिहून दिलेली ‘कच्ची पट्टी’ अशा वेळी कामी येत नाही.