ट्रकचा भोंगा आणि रस्त्याचा हक्क



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे तिला कोणी बखरीत जागा दिलेली नाही. ती वस्तू म्हणजे ट्रकचा भोंगा. हमरस्त्यालगतच्या गावकऱ्यांना तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. भोंगा वाजला की शाळेत गुरुजींचे वाक्य अर्ध्यावर राहते, पाळण्यातले पोर दचकते, बैल बिथरतात. उलट ट्रकचालकाला विचारा. तो म्हणेल, "गुरुजी, भोंग्याशिवाय घाटात गाडी घालायची कशी?" दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून मोठ्या आवाजाचा भोंगा निवडावा कसा आणि बसवावा कसा हे पाहण्यापूर्वी, तो मुळात आला कोठून हे पाहणे बरे.

वाटेवरून येणाऱ्याने आपण येत असल्याची वर्दी द्यावी, ही रीत मोटारीपेक्षा फार जुनी आहे. आपल्याकडे रात्री चालणाऱ्या बैलगाडीची वर्दी बैलांच्या गळ्यातले घुंगरू देत. टपाल घेऊन धावणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीलाही घुंगरू असत. त्यांच्या आवाजाने माणूस बाजूला होई आणि जनावर दूर पळे. इंग्लंडात २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनकडे टपालाची पहिली घोडागाडी निघाली. पुढे अशा गाड्यांवरच्या रखवालदाराजवळ एक लांब शिंग असे. टपालाच्या गाडीला पथकर माफ होता, आणि तिने नाक्यावर थांबून वेळ दवडायचा नाही असा दंडक होता. म्हणून रखवालदार दुरूनच शिंग फुंकी आणि नाकेदार फाटक उघडून ठेवी. शिंगाचा अर्थ तेव्हा इतकाच होता : सरकारी टपाल येत आहे, वाट मोकळी करा.

पुढे वाफेचे युग आले. इंग्लंडात १८३३ साली लेस्टर-स्वॅनिंग्टन रेल्वेवर एका फाटकापाशी इंजिनाने लोणी आणि अंडी भरलेल्या गाडीला धडक दिली आणि त्यानंतर इंजिनावर वाफेचे शिंग बसवण्यात आले, अशी कथा सांगतात. कथा तंतोतंत खरी असो वा नसो, शिट्टी इंजिनाला कायमची चिकटली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला प्रवासी आगगाडी धावली आणि तो आवाज आपल्याही कानांच्या परिचयाचा होऊ लागला.

परंतु रूळ सोडून इंजिन सडकेवर आले तेव्हा काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १८६५ साली सडकेवरच्या वाफेच्या गाड्यांसाठी कायदा केला. गावाबाहेर वेग ताशी ४ मैल, गावात २ मैल. गाडीच्या ६० यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन पायी चालायचे. आणि या कायद्यातले एक कलम तर आज नवलाचे वाटेल : इंजिनाची शिट्टी कोणत्याही कारणासाठी वाजवायची नाही! कारण सडक होती घोड्यांची, गुरांची आणि पायी चालणाऱ्यांची. यंत्र हा पाहुणा. पाहुण्याने घरच्यांना भेवडवायचे नसते. घोडेवाल्याने हात वर केला तर यंत्राने थांबायचे, असाही नियम होता.

एकतीस वर्षांनी पारडे फिरले. १८९६ सालच्या नव्या कायद्याने हलक्या यंत्रगाड्यांना पुष्कळ मोकळीक दिली. आणि त्याच कायद्याने सांगितले की, गाडी येत असल्याची पुरेशी वर्दी देणारी घंटा किंवा तत्सम साधन प्रत्येक गाडीवर असलेच पाहिजे. म्हणजे पहा, जो आवाज आधी गुन्हा होता तो आता कर्तव्य ठरला. पूर्वी गाडीने माणसाला सांभाळायचे होते. आता गाडी ओरडणार आणि माणसाने बाजूला व्हायचे, ही नवी वहिवाट सुरू झाली. भोंग्याच्या इतिहासातले खरे वळण हेच. त्यानंतर बदलली ती फक्त आवाजाची ताकद.

आरंभी मोटारीला रबरी फुग्याचा भोंपू असे. फुगा दाबला की हवा पितळी नळीतल्या पिपाणीवरून जाई आणि बदकासारखा आवाज निघे. इंजिने मोठी झाली तशी ही पिपाणी अपुरी पडू लागली. मिलर रीज हचिसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने एक युक्ती काढली. पोलादी पडद्याच्या मध्यावर एक खुंटी बसवायची आणि विजेच्या मोटरीने फिरणारे दातेरी चाक त्या खुंटीवर घासवायचे. पडदा कर्कश ओरडू लागतो. १९०८ पासून हे यंत्र 'क्लॅक्सन' या नावाने विकले जाऊ लागले. हे नाव किंचाळणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले आहे. गंमत अशी की, याच गृहस्थाने त्यापूर्वी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्रही तयार केले होते.

आता आपल्या ट्रकच्या भोंग्याकडे येऊ. त्याचा जन्म मात्र ब्रेकच्या घरात झाला. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली आगगाडीसाठी दाबलेल्या हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. पुढे थोड्याच वर्षांत त्याने त्यात मोठी सुधारणा केली. नळी फुटली, हवा गेली, तर ब्रेक सुटण्याऐवजी आपोआप लागावा अशी ती योजना होती. १९२० नंतर हा हवेचा ब्रेक अवजड मोटारगाड्यांवरही आला. हवा दाबणारा कॉम्प्रेसर आला, ती साठवणारी टाकी आली. मग कोणाच्या तरी मनात आलेच की, टाकीत एवढी हवा आहे, तर तिच्यातली थोडी कर्ण्यात सोडून आवाज का काढू नये? डिझेलच्या रेल्वे इंजिनांनाही वाफ नसल्यामुळे हवेचाच भोंगा लावावा लागला.

याची रचना साधी आहे. कर्ण्याच्या मागे डबी असते, डबीत धातूचा पातळ पडदा. हवा आली की पडदा उचलला जातो, हवा निसटते, पडदा पुन्हा बसतो. सेकंदाला शेकडो वेळा असे होते. कर्णा त्या कंपनाला आकार देतो. लांब कर्ण्याचा आवाज खर्जातला, आखूड कर्ण्याचा तार सप्तकातला. आपल्या मिरवणुकीतल्या तुतारीचे शास्त्र याहून फार निराळे नाही.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात ट्रकची वाहतूक वाढली. जमशेदपूरच्या टेल्को कारखान्याने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ साली ट्रक बनवायला सुरुवात केली. रस्ते अरुंद होते. मागच्या गाडीने भोंगा वाजवावा, पुढच्याने हात दाखवून वाट द्यावी, असा व्यवहार रूढ झाला आणि गाड्यांच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे झळकली. ही अक्षरे विनाकारण भोंगा वाजवायला उत्तेजन देतात, म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी एप्रिल २०१५ मध्ये मालवाहू व प्रवासी गाड्यांवर ती लिहिण्यास मनाई केली.

आवाजाविरुद्धची तक्रारही भोंग्याइतकीच जुनी आहे. न्यूयॉर्कच्या ज्युलिया बार्नेट राइस या वैद्यक शिकलेल्या बाई हडसन नदीकाठी राहत. नदीतल्या बोटी रात्रभर शिट्ट्या फुंकीत. बाईंनी नुसती कुरकुर केली नाही. त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना बसवून रात्रीच्या शिट्ट्या मोजून घेतल्या, रुग्णालयांचे म्हणणे गोळा केले आणि १९०६ साली अनावश्यक आवाजाविरुद्ध एक संस्था काढली. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने बोटींच्या शिट्ट्यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. मोजलेल्या आकड्यापुढे सरकारला मान डोलवावी लागली! १९३४ साली लंडनमध्ये रात्री साडेअकरापासून सकाळी सातपर्यंत भोंगा वाजवण्यास बंदी झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मधल्या निकालात निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत, अपवादाचे प्रसंग सोडून, भोंग्याला मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात विनाकारण वा सतत भोंगा वाजवण्याबद्दल पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड सांगितला आहे.

इतके समजल्यावर चालकबंधूंनी आणि ट्रकमालकांनी भोंगा कसा निवडावा? पहिली गोष्ट कायद्याची. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम सांगतो की, वर्दी देणारे साधन ठरलेल्या भारतीय प्रमाणाचे असावे. एकामागून एक निरनिराळे सूर काढणारा, किंवा फाजील कर्कश आणि भय उत्पन्न करणारा भोंगा साध्या वाहनावर बसवू नये. म्हणजे ते सनईसारखे फिरते सूर काढणारे भोंगे बादच झाले, बरं का! एकाच सुराचा, प्रमाणाचा छाप असलेला भोंगा घ्यावा. दुसरी गोष्ट अशी की, दोन कर्णे लावले म्हणून आवाज दुप्पट दूर जात नाही. एकासारखा दुसरा कर्णा जोडल्यास सुमारे ३ डेसिबलची भर पडते; पैसे मात्र दुप्पट जातात आणि हवाही दुप्पट.

हवेचा भोंगा बसवताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की, हवा कोठून घ्यायची? ब्रेकच्या नळीला किंवा ब्रेकच्या टाकीला कधीही छिद्र पाडून जोड देऊ नये. गाडीच्या कारखान्याने जादा उपकरणांसाठी जी वेगळी वाट ठेवलेली असते, तिथूनच हवा घ्यावी आणि मध्ये दाब राखणारी झडप असावी. भोंग्याची नळी फुटली तरी ती झडप बंद होते आणि ब्रेकची हवा शाबूत राहते. नळीचे सगळे सांधे साबणाचे पाणी लावून तपासावेत. बुडबुडा आला की गळती आहे असे समजावे. विजेच्या झडपेच्या तारेला फ्यूज हवाच. कर्ण्याचे तोंड पुढे आणि किंचित खाली ठेवावे, म्हणजे पावसाळ्यात त्यात पाणी साचत नाही. टाकीत जमणारे पाणी नेमाने सोडावे. हे काम रस्त्याकडेच्या घाईच्या दुकानात न करता, ब्रेकचे काम जाणणाऱ्या फिटरकडूनच करून घ्यावे.

एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना काय होते ते ध्यानात घ्या. भरलेली गाडी, वळणामागून वळण, पाय पुन्हा पुन्हा ब्रेकवर. प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा खर्च होते आणि कॉम्प्रेसर ती भरून काढतो. चुकीच्या जागी जोडलेला भोंगा प्रत्येक वळणावर याच हवेतला वाटा घेतो. जी हवा गाडी थांबवण्यासाठी दाबली, ती ओरडण्यात उधळली, तर ऐनवेळी चाकांना काय मिळणार? शिवाय ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. भोंगा ऐकून गोंधळलेल्या म्हातारीला किंवा शेळीला बाजूला व्हायला इतका अवधी पुरत नाही. वाचवतो तो ब्रेकच.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. समजा, ७ मीटरवर भोंग्याचा आवाज ११० डेसिबल आहे. १४ मीटरवर तो १०४, २८ वर ९८, ५६ वर ९२ आणि ११२ मीटरवर ८६. शाळेभोवती किमान १०० मीटरचा परिसर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. अशा क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. गणिताच्या तासाला हे उदाहरण फळ्यावर मांडून पहा. मग राइसबाईंच्या विद्यार्थ्यांप्रमाणे वरच्या वर्गातल्या मुलांना शाळेच्या आवारातच, कुंपणाच्या आत बसवून, आठवडाभर रोज एक तास भोंगे मोजायला सांगा. दिवस, वेळ आणि संख्या अशी तीन रकान्यांची वही पुरे. ती वही घेऊन मुख्याध्यापक आणि सरपंच तहसील कचेरीत गेले, तर नुसत्या तक्रारीपेक्षा तिचे वजन निश्चित अधिक पडेल.

आणि चालकबंधूंवरही राग धरू नका. अंधारात दिव्याविना चाललेली उसाची गाडी, कर्णे लावून गाणी वाजवणारा ट्रॅक्टर, हमरस्त्यावर सोडलेली गुरे, हे सारे त्यांच्या वाटेत आपणच उभे केलेले असते. उसाच्या गाडीला मागे तांबडी चकचकीत पट्टी लावणे आणि गुरे रस्त्यापासून दूर बांधणे, एवढे आपल्याकडून झाले, तर त्यांनाही भोंग्याच्या बटणाकडे हात कमी वेळा न्यावा लागेल.