समोर एकच माणूस, तरी 'यू आर'?

इंग्रजी शिकताना मुलं हमखास विचारतात, समोर एकच माणूस असताना 'यू'बरोबर 'इज' का नाही? कारण 'यू' मुळात अनेकवचन, आपल्या 'तुम्ही'सारखं. एकट्याला 'दाऊ' म्हणत. १३व्या शतकापासून फ्रेंचांच्या धर्तीवर बड्यांना आदरार्थी 'यू' म्हणायची चाल पडली. १७व्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथाने ती नाकारली. देवापुढे सगळे सारखे, म्हणून ते न्यायाधीशालाही 'दाऊ'च म्हणत. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. पुढे समता आली, पण उलट्या वाटेने. 'दाऊ' रोजच्या इंग्रजीतून जवळजवळ गेलं आणि साहेब असो की हमाल, सगळेच 'यू' झाले. आपल्याला मात्र भांडी घासायला येणाऱ्या बाईंना 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', हे अजून रोज ठरवावं लागतं.