दोन इंच फोम आणि एक पडदा

आमचे बाबा रेल्वेत टीसी होते. काळा कोट घालून 31 वर्षं त्यांनी मध्य रेल्वेच्या लोकल तपासल्या. सेकंडचं तिकीट घेऊन फर्स्टमध्ये शिरलेल्या माणसाला खाली उतरवणं, नाहीतर दंडाची पावती फाडणं हे त्यांचं रोजचं काम. अशा माणसाला उतारवयात फुकटात बिझनेस क्लासमध्ये बसायला मिळालं, त्याची ही गोष्ट. आणि ओघात त्या क्लासचीही.

मी डेल्फ्टला पीएच्.डी. केली आणि मग हॉलंडमध्येच चिकटलो. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा उन्हाळ्यात आले होते. ट्यूलिप संपलेले, पवनचक्क्या पाहून झालेल्या. म्हणून त्यांना अथेन्सला घेऊन निघालो. अ‍ॅमस्टरडॅमहून सव्वातीन-साडेतीन तासांचं विमान. म्हणजे धड लांब नाही, धड जवळ नाही. आपल्याकडे डेक्कन क्वीनला मुंबई-पुण्याला लागतो, साधारण तेवढाच वेळ.

गेटवर बाईंनी सांगितलं, मागे जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली आहेत, पुढे एक सीट रिकामी आहे, तुमच्यापैकी एक जण पुढे बसू शकेल का? जादा पैसे नाहीत. मी आईला म्हटलं, "तू जा." आई म्हणाली, "मी तिथे एकटी जाऊन काय करू? त्यांची भाषा मला कळायची नाही. ह्यांना पाठव." बाबा आधी नको नको म्हणाले, पण चेहऱ्यावर दिसत होतं. गेले.

आता तुम्हाला वाटेल, बिझनेस क्लास म्हणजे झोपायला पलंग, शाम्पेन वगैरे. युरोपातल्या युरोपात तसं काही नसतं. सीट तीच. रांगेत तीन सीट असतात, त्यातली मधली रिकामी ठेवतात. जेवण चिनी मातीच्या बशीत देतात. आणि मागे एक पडदा असतो. बस्स. हा पडदा सरकवता येतो, आणि त्यात एक हिशेब आहे. तेच विमान सकाळी ब्रसेल्सला सूटबूटवाल्यांना घेऊन जातं आणि दुपारी समुद्रकाठी सुट्टीला निघालेल्या पोराबाळांना. सकाळी पडदा दहाव्या रांगेमागे, दुपारी तिसऱ्या. खऱ्याखुऱ्या रुंद सीट बसवल्या तर त्या दुपारी रिकाम्या जातील. मध्यंतरी काही कंपन्यांनी तीन सीटच्या जागी दोन रुंद सीट करणारी यंत्रणाही बसवली होती. पण यंत्रणा म्हटली की वजन आलं, देखभाल आली. त्यापेक्षा मधली सीट रिकामी ठेवणं सोपं.

माझ्यातल्या इंजिनिअरला हे पाहून प्रश्न पडला, की मग माणूस पैसे नक्की कशाचे देतो? ट्रिपहून परत आल्यावर मी यावर बरंच वाचून काढलं. आणि गंमत म्हणजे उत्तर विमानात नाही, रेल्वेत सापडलं.

इंग्लंडात रेल्वे सुरू झाली तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्परच नसायचं. अक्षरशः उघड्या वाघिणी. 24 डिसेंबर 1841 रोजी ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी सॉनिंग इथे दरड कोसळलेल्या मातीवर आदळली आणि अशा उघड्या डब्यांतून नाताळसाठी घरी निघालेले मजूर बाहेर फेकले गेले, काही मेले. त्यानंतर 1844 साली ग्लॅडस्टननी कायदा आणला: प्रत्येक कंपनीने रोज निदान एक गाडी अशी सोडायची, की जिच्या तिसऱ्या वर्गाला छप्पर आणि बसायला जागा असेल आणि भाडं मैलाला एका पेनीपेक्षा जास्त नसेल.

पण मुळात छप्पर का नव्हतं? लाकडाच्या चार फळ्यांना असा किती खर्च येतो? या प्रश्नाचं उत्तर ज्यूल द्युप्युई नावाच्या एका फ्रेंच सिव्हिल इंजिनिअरने 1849 साली लिहून ठेवलंय. (इंजिनिअर लोक अर्थशास्त्रात नाक खुपसतात ते आजचं नाही!) त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कंपनी काही छपराचे पैसे वाचवत नाही, आणि गरिबावर तिचा रागही नाही. ज्याला दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडतं, त्याने तिसऱ्यात बसू नये एवढीच तिची इच्छा आहे. म्हणून तिसरा वर्ग मुद्दाम वाईट ठेवायचा. श्रीमंताला भीती घालायची, आणि त्यापायी पावसात भिजायचं गरिबाने.

मी हे वाचलं आणि थोडा वेळ गप्पच झालो. आपण समजतो, की वरच्या वर्गाला सुख देतात. इथे हा गृहस्थ सांगतोय, की खालच्या वर्गाचं दुःख हीसुद्धा विचार करून बनवलेली वस्तू आहे.

विमानात हा खेळ शंभर वर्षांनी सुरू झाला. सुरुवातीला विमानप्रवास सगळाच महाग. एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान 8 जून 1948 रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, त्यात प्रवासी होते 35. नवकोट नारायणांचाच मामला. मग 1952 साली अटलांटिकवर टूरिस्ट क्लास आला आणि 1958 साली त्याहून स्वस्त इकॉनॉमी. भाडी कंपन्या स्वतः ठरवत नसत. आयाटा ही सगळ्या कंपन्यांची संघटना ठरवायची. आणि नुसती भाडी नाही, तर इकॉनॉमीत खायला काय द्यायचं तेसुद्धा! नियम असा, की फक्त साधं, थंड, स्वस्तातलं सँडविच.

आता स्कँडिनेव्हियन लोकांचं सँडविच म्हणजे पावाच्या एकाच तुकड्यावर रचलेलं अख्खं ताट. एसएएस कंपनीने तेच द्यायला सुरुवात केली. पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपन्यांनी तक्रार ठोकली, की हे सँडविच नव्हे, जेवण आहे. आयाटाची बैठक बसली. सँडविच कशाला म्हणावं यावर मोठमोठ्या माणसांनी काथ्याकूट केला आणि शेवटी एसएएसला 20,000 डॉलर दंड झाला. गुन्हा काय, तर स्वस्त तिकिटवाल्याला चांगलं खायला घातलं. बिनछपराचा डबा आणि उघडाबोडका पाव, तत्त्व एकच. आणि योगायोग पाहा, याच्या दोनच वर्षं आधी, 1956 साली, युरोपातल्या बहुतेक रेल्वेंनी तिसरा वर्ग बंद केला होता. जमिनीवरून उठला आणि आकाशात जाऊन बसला.

बिझनेस क्लासचा जन्म मात्र याच्या उलट तक्रारीतून झाला. 1970 साली पॅन अ‍ॅमने बोईंग 747 उडवलं. साडेतीनशेच्या वर माणसं मावणारं विमान. ते भरायचं कसं? पुढे 1973 साली तेल महागलं. मग सवलतीची भाडी निघाली. आधी तारीख पक्की करा, अमुक दिवस राहा, मग भाडं कमी. 1977 साली फ्रेडी लेकरने लंडन-न्यूयॉर्क 59 पौंडांत न्यायला सुरुवात केली. आता झालं असं, की कंपनीच्या कामासाठी ऐनवेळी तिकीट काढणारा माणूस पूर्ण भाडं भरायचा, आणि त्याच्या शेजारी निम्म्या भाड्यातला विद्यार्थी, मांडीवर बॅग घेऊन. सीट तीच, सँडविच तेच. पूर्ण भाडंवाला चिडणारच.

यावर केएलएमने 1976 साली तोडगा काढला. पूर्ण भाडं भरणाऱ्यांना इकॉनॉमीतच पुढच्या बाजूला, फर्स्ट क्लासच्या पाठीमागे बसवायचं. सुखसोय काय वाढली? फार काही नाही. शेजार बदलला. पॅन अ‍ॅमने 1978 साली याला क्लिपर क्लास म्हटलं, क्वांटासने 1979 साली बिझनेस क्लास नाव दिलं. 1981 साली यान कार्लसन नावाचा माणूस एसएएसचा प्रमुख झाला. त्याने युरोपातला फर्स्ट क्लास काढून टाकला आणि पूर्ण इकॉनॉमी भाड्यातच 'युरोक्लास' सुरू केला. ज्या कंपनीला सँडविचबद्दल दंड झाला, तिनेच पडद्याची ही युरोपीय पद्धत रुळवली. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने मैल जमा करण्याची योजना काढली. तिकिटाचे पैसे ऑफिस भरणार आणि मैल माणसाच्या खात्यात. हे कळल्यावर बिझनेस क्लासला गिऱ्हाईक का तुटलं नाही ते लक्षात येतं. पलंग वगैरे फार नंतरचे. पूर्ण आडवी होणारी सीट ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये आणली ती 2000 साली. तीही लांबच्या प्रवासाला. मधल्या पल्ल्यावर अजून मूळचाच मामला आहे: तीच सीट, बदललेला शेजार आणि पडदा.

तर, अथेन्सचं विमान. तासाभराने आईला आठवलं, की बाबांची ब्लडप्रेशरची गोळी तिच्या पर्समध्ये राहिली. गोळी घेऊन ती पुढे निघाली. मी म्हटलं मी देतो, पण ती खिडकीकडून माझ्या आधीच बाहेर पडली. पडद्याशी हवाई सुंदरीने तिला थांबवलं. अतिशय गोड हसून, हात आडवा धरून. आईला इंग्रजी येत नाही असं नाही, पण त्या क्षणी सुचेना. तिने नुसती गोळीची पट्टी दाखवली. बाईंनी ती घेतली, कुठली सीट ते विचारलं आणि पडदा पुन्हा लावला. आवाज चढला नाही, कोणी काही वावगं बोललं नाही. आई परत येऊन बसली आणि म्हणाली, "दिली." पण तिचा चेहरा उतरला होता. बाबांनी ते पडद्याच्या फटीतून पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

रात्री हॉटेलच्या गच्चीवर बसलो होतो. समोर अ‍ॅक्रोपोलिसवर दिवे लागलेले. मी विचारलं, "बाबा, कसं होतं पुढे?"

"बशी चांगली होती," बाबा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "अरे, त्या मुलीने हात धरला ना आडवा, तो मी ओळखला. तसाच धरायचो मी."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही घरात कधी ऐकली नव्हती. पावसाळ्यात एकदा एक बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन फर्स्टमध्ये शिरली होती. सेकंडच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तिकीट सेकंडचं. बाबांनी दंड घेतला. तिने रुमालाची गाठ सोडून पैसे मोजले, एक शब्द न बोलता. "नियमच होता," बाबा म्हणाले. "मी काही वाकडं बोललो नाही. पण त्या डब्यात जागा होती रे."

मी त्यांना समजावू लागलो, की दोष तुमचा नाही, ही रचनाच तशी. (द्युप्युई तेव्हा वाचला नव्हता, नाहीतर त्याचंही नाव घेतलं असतं.) बाबांनी मला मध्येच थांबवलं. "हे आम्हाला ठाऊक होतं. फर्स्टचा पास कोणी गादीसाठी काढत नाही. सेकंडमध्ये जे आहे ते नको म्हणून काढतात."

मग ते दंडवत्यांबद्दल बोलू लागले. आपल्याकडे तिसरा वर्ग 1974 साली गेला, म्हणजे नाव गेलं. लाकडी फळ्या तशाच होत्या. 1977 साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम बसवायला घेतला. बाबा 1979 साली नोकरीला लागले, तेव्हा जुने लोक त्याचं अप्रूप सांगायचे. "फर्स्टवाल्याचं काही काढून घेतलं नाही त्यांनी," बाबा म्हणाले, "आणि म्हणून फर्स्टमध्ये बसणारे काही कमीही झाले नाहीत."

मी ते तेव्हा नुसतं ऐकलं. आता द्युप्युई वाचल्यावर वाटतं, की त्या फ्रेंच इंजिनिअरच्या प्रश्नाला सव्वाशे वर्षांनी एका प्राध्यापकाने उत्तर दिलं. खालचा वर्ग वाईट ठेवल्याशिवाय वरचा विकला जात नाही, ही समजूत किती खरी आणि किती सोयीची, ते दोन इंच फोमवर तपासून बघता येतं. विमान कंपन्या मात्र उलट दिशेने निघाल्या आहेत. गेल्या दशकभरात इकॉनॉमीच्याही खाली 'बेसिक' नावाचा वर्ग निघालाय. त्यात सीट निवडायची नाही, बदलायचं नाही, काही ठिकाणी मोठी बॅगसुद्धा न्यायची नाही. छप्पर हळूहळू काढून घेणं चाललंय.

असो. परतीच्या विमानात गेटवर कोणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी बाबा गेले नसते. आम्ही तिघं विसाव्या की एकविसाव्या रांगेत बसलो. मधली सीट आईची. पुढचा पडदा लागला तेव्हा बाबांनी तिकडे एकदा पाहिलं, मग खिशातून गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी ती आईला दाखवली आणि परत खिशात ठेवली.