वृत्त आणि मत : ‘केसरी’चे दोन धडे

पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. टिळकांच्या ‘केसरी’शी आपल्या प्रांताचे नाते असे जुने आहे.

१८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध छापलेली पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली. तरी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १९०८ मध्ये अग्रलेखांतील मतांसाठी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा मात्र त्यांनी माघार घेतली नाही.

वृत्त पडताळावे लागते. मत युक्तिवादावर तोलावे लागते. वर्तमानपत्र असो, दूरचित्रवाणी असो वा मोबाइल, आपल्या शाळेच्या विद्यार्थ्याने आधी विचारावे: हे घडले आहे, की कोणाला तसे वाटते आहे?